हिरोईन मुस्लिम आहे, ठीक. पण तिची श्रद्धा कुठेय? टीनएज इंग्रजी पुस्तकांबद्दल थोडं

न्यू जर्सीमधल्या जर्सी सिटीतलं एक छोटं दुकान, काउंटरवर बेकन घातलेलं सँडविच, आणि सोळा वर्षांची कमला खान त्याच्यावर वाकून नुसता वास घेतेय. खाणार नाहीये, फक्त वास. शेजारी तिची मैत्रीण नाकिया हिजाब घालून उभी, आणि ती वैतागलीय की बाई खायचं तर खाऊन टाक नाहीतर वास घेणं बंद कर. 'मिस मार्व्हल' कॉमिकची २०१४ ची सिरीज सुरू होते ती इथून.

आता सुपरहिरोच्या कॉमिकमध्ये हा सीन कशाला? तर लेखिकेला पहिल्याच पानावर सांगायचंय की ही पोरगी श्रद्धाळू आहे, आणि ते सांगायला तिने ना मशीद दाखवली ना अजान ऐकवली. मोह आहे, नियम आहे, कोणी अडवायला उभं नाहीये, तरी नियम पाळला जातोय, कुरकुरत का होईना. संकष्टीच्या दिवशी ऑफिसात कोणाच्या तरी वाढदिवसाचे समोसे येतात तेव्हा उपास असलेल्या माणसाचं जे होतं ना, तेच.

विषय असा आहे की इंग्रजीत ज्याला यंग अडल्ट म्हणतात, म्हणजे साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठीच्या कादंबऱ्या (मोठी माणसंही गुपचूप वाचतात, मी त्यातलीच), त्यात मुस्लिम पात्रं आता बऱ्यापैकी दिसतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तसं नव्हतं. पण 'मुस्लिम पात्र असणं' आणि 'त्या पात्राची श्रद्धा पुस्तकात असणं' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि चर्चेत त्यांची सतत सरमिसळ होते. पहिली सोपी आहे, आयेशा किंवा बिलाल नाव ठेवलं, ईदची बिर्याणी दाखवली, शाळेत कोणीतरी टेररिस्ट म्हणून चिडवलं, झालं काम. दुसरी अवघड आहे.

आणि या वयाच्या पुस्तकांतच हा प्रश्न का पेटतो तेही साधं आहे. लहानपणी धर्म हा आईबाबांचा असतो, ते नमाज पढतात म्हणून पोरगं शेजारी उभं राहतं. पंधरा-सोळाला पहिल्यांदा असं होतं की हे मी घरचे करतात म्हणून करतेय की मला पटतंय म्हणून करतेय, आणि पटत नसेल तर कोणाला सांगायचं. टीनएज कादंबरीचा सगळा धंदाच मुळी 'मी कोण' या प्रश्नावर चालतो, त्यामुळे ज्या मुलांच्या घरात धर्म रोजचा आहे त्यांच्या गोष्टीत तो नसला तर ती गोष्ट खोटी वाटते.

थोडं मागे जाऊ. आधी इंग्रजी किशोर पुस्तकांत मुस्लिम मुलगी म्हणजे बहुतेक वेळा दूर कुठेतरी वाळवंटात किंवा युद्धात सापडलेली. सुझॅन फिशर स्टेपल्सचं 'शबानू' १९८९ चं, पाकिस्तानातल्या चोलिस्तानच्या वाळवंटातली मुलगी आणि तिचं लग्न कोणाशी लावायचं हा प्रश्न. त्याला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला. डेबोरा एलिसचं 'द ब्रेडविनर' २००० चं, तालिबानच्या काबूलमधली परवाना, जी केस कापून मुलगा बनून घर चालवते. वाईट पुस्तकं आहेत असं मी म्हणणार नाही, परवानाची गोष्ट तर मला आवडते. घोळ झाला तो २००१ नंतर, जेव्हा अमेरिका-कॅनडाच्या शाळांत 'मुस्लिम लोकांना समजून घेऊया' म्हणून हीच असली पुस्तकं पोरांच्या हातात दिली जायला लागली. मग वर्गात बसलेल्या टोरांटोच्या किंवा शिकागोच्या मुस्लिम मुलीला प्रश्न पडणार की अरे ही मी नाहीये, माझ्या घरी तर भांडणं मोबाईलवरून होतात.

२००९ मध्ये ओझलेम सेन्सॉय आणि एलिझाबेथ मार्शल या दोन अभ्यासकांनी 'रीथिंकिंग स्कूल्स' या शिक्षकांच्या नियतकालिकात यावर एक लेख लिहिला होता, आणि त्यांचं निरीक्षण असं की या पुस्तकांची कव्हरं बघा, डोक्यावरून ओढणी घेतलेली मुलगी, आणि आतली गोष्ट अशी की बिचारीला तिच्या लोकांपासून वाचवायला हवं. धर्म म्हणजे भिंत आणि मुलगी भिंतीच्या आत कोंडलेली. अशा पुस्तकात ती दुवा मागतेय, तिला त्यातून धीर येतोय, असं फारसं होऊच शकत नाही, कारण मग सुटका कशापासून करायची?

या सगळ्याला पहिलं खणखणीत उत्तर आलं ऑस्ट्रेलियातून. रांदा अब्देल-फत्ताह, पॅलेस्टिनी-इजिप्शियन वंशाची ऑस्ट्रेलियन लेखिका, तिचं 'डझ माय हेड लुक बिग इन धिस?' २००५ ला आलं. मेलबर्नची अमल, घरी ट्रेडमिलवर चालत 'फ्रेंड्स'चा जुना एपिसोड बघतेय आणि तिथे तिला वाटतं की आता हिजाब कायमचा घालायचा. ट्रेडमिलवर! ना कोणी मौलवी, ना बापाचा धाक. उलट आईबाप दोघं शिकलेले, श्रद्धाळू, आणि तेच घाबरतात की पोरी शाळेत त्रास होईल, नीट विचार केलास का. म्हणजे जुन्या गोष्टीत बाप डोकं झाकायला लावतो, इथे बाप काळजीने विचारतो नक्की ना गं. गोष्ट २००२ मधली आहे, मध्येच इंडोनेशियात बालीचे दहशतवादी बॉम्बस्फोट होतात आणि शाळेत सगळे अमलकडेच बघायला लागतात, जणू काही तिने येऊन खुलासा करायचाय. ती चिडते ते वाचताना मजा येते.

मला त्या पुस्तकात एक गोष्ट कमी वाटली तीही सांगते, अमल खूपदा वाचकाला इस्लाम समजावून सांगत बसते. हिजाब म्हणजे काय, आम्ही असं का करतो, सगळे मुस्लिम असे नसतात. २००५ मध्ये ते करावं लागणारच होतं, समोरचा वाचक कोरा होता. पण त्यामुळे जागोजागी असं वाटतं की ती देवाशी कमी आणि शेजाऱ्यांशी जास्त बोलतेय. ही खोड नंतरच्या बऱ्याच पुस्तकांत राहिली.

म्हणूनच कमला खान भारी वाटते. लेखिका जी. विलो विल्सन, स्वतः इस्लाम स्वीकारलेली अमेरिकन. एडिटर सना अमानत, न्यू जर्सीतल्याच पाकिस्तानी-अमेरिकन घरातली. पहिल्या अंकात कमला रात्री घरातून पळून पार्टीला जाते, धुकं पसरतं, आणि धुक्यात तिला तिचे आवडते सुपरहिरो देवदूतासारखे दिसतात, आणि त्यातली कॅप्टन मार्व्हल चक्क 'सकल बन फूल रही सरसों' म्हणत असते. अमीर खुस्रो! सरासरी अमेरिकन वाचकाला त्याचा संदर्भ कळला नसणार. आपल्याकडे कव्वाली ऐकणाऱ्या कोणालाही लगेच लागतं.

पुढच्या अंकात झोई नावाची मुलगी पाण्यात पडते, तीच जी हिजाबवरून गोड आवाजात टोमणे मारत असते. कमला निघून जाऊ शकली असती. तिला आठवतं काय तर टीव्हीवर काही वाईट बातमी आली की अब्बू म्हणतात ती कुराणातली आयत, की ज्याने एक जीव वाचवला त्याने जणू सगळ्या माणसांचा जीव वाचवला. आणि ती पाण्याकडे जाते. बघा काय झालं, इथे धर्म म्हणजे ड्रेस किंवा जेवण नाही, तिच्या पुढच्या कृतीचं कारण आहे. आयत काढून टाकली तर सीन चालणारच नाही. मी कुठलंही असं पुस्तक वाचताना हीच चाचणी लावते, श्रद्धेचा भाग कात्रीने कापून काढला तर गोष्ट अडते का? अडत नसेल तर तो डेकोरेशन होता.

त्याच सिरीजमध्ये घरचे तिला मशिदीतल्या शेख अब्दुल्लांकडे पाठवतात. कमलाला वाटतं आता लेक्चर. वाचकालाही तेच वाटतं, कारण आपण सगळ्यांनी तसलेच मौलवी बघितलेत सिनेमात. आणि शेख म्हणतात की तू ऐकणार नाहीसच तर निदान जे करतेयस ते धैर्याने, खरेपणाने, दयेने आणि स्वतःचा मान ठेवून कर, आणि स्वतःसाठी एक चांगला गुरू शोध. संपलं. दुसरीकडे तिचा भाऊ आमिर सारखा इबादतीत, आणि अब्बूंचं म्हणणं की बाबा रे हे सगळं नोकरी शोधायला लागू नये म्हणून चाललंय. एकाच घरात चार माणसं आणि चौघांचा इस्लाम चार तऱ्हेचा. याला २०१५ मध्ये ह्युगो हा विज्ञानकथा-फँटसीचा मोठा पुरस्कार मिळाला, कॉमिक विभागात.

आता थोडं धंद्याचं. २०१४ मध्येच अमेरिकेत 'वी नीड डायव्हर्स बुक्स' ही मोहीम सुरू झाली, की मुलांच्या पुस्तकांत सगळे गोरेच का. २०१६ मध्ये सायमन अँड शुस्टर या मोठ्या प्रकाशनाने 'सलाम रीड्स' नावाची वेगळी शाखा जाहीर केली, फक्त मुस्लिम पात्रांच्या मुलांच्या पुस्तकांसाठी. चांगलं झालं, पण त्याबरोबर एक भांडणही दारात आलं की मुस्लिम गोष्ट सांगायचा हक्क कोणाचा.

याचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे लॉरा मोरियार्टीचं 'अमेरिकन हार्ट'. कल्पना अशी की अमेरिकेत मुस्लिमांना छावण्यांत टाकायला लागलेत आणि सारा-मेरी नावाची पंधरा वर्षांची गोरी मुलगी एका इराणी प्राध्यापक बाईला, सदफला, कॅनडापर्यंत पळून जायला मदत करते. ऑक्टोबर २०१७ मध्ये, पुस्तक बाजारात यायच्या आधी, 'कर्कस' या पुस्तक परीक्षणांच्या अमेरिकन नियतकालिकाने त्याला स्टार दिला. कर्कसचा स्टार म्हणजे लायब्ऱ्यांची ऑर्डर येणार, इतकं वजन. आणि परीक्षण लिहिणारी स्वतः धर्म पाळणारी मुस्लिम बाई होती. मग ऑनलाइन गदारोळ, की परत तेच, गोरी मुलगी हिरो आणि मुस्लिम बाई तिच्या चांगुलपणाचं सर्टिफिकेट. कर्कसने परीक्षण मागे घेतलं, बदलून टाकलं, आणि स्टार काढून घेतला.

टीका करणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो. सदफ आपल्याला दिसते ती पूर्णपणे सारा-मेरीच्या नजरेतून, तिच्या मनात काय चाललंय ते कळायला मार्गच नाही. पण स्टार काढणं मला तेव्हाही विचित्र वाटलं आणि आताही वाटतं. मुस्लिमांचा आवाज ऐका म्हणून एवढा आरडाओरडा, आणि त्यात एका मुस्लिम बाईने पुस्तक वाचून दिलेलं मत बदलायला लागलं. म्हणजे आवाज कुठला ऐकायचा हेही बाहेरूनच ठरलं की! चुकीचं पुस्तक आवडणारी मुस्लिम व्यक्ती असू शकते हे मान्य करणं हेसुद्धा प्रतिनिधित्वच झालं ना.

'अमेरिकन हार्ट'ला कागदावर उत्तर समीरा अहमदने दिलं. ही लेखिका मुंबईत जन्मलेली, वाढली इलिनॉयमध्ये. तिचं 'इंटर्नमेंट' २०१९ चं, छावणीचीच कल्पना, पण गोष्ट सांगतेय छावणीत कोंडलेली सतरा वर्षांची लैला अमीन. छावणी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, मॅन्झनारजवळ, जिथे दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन लोकांना खरोखर ठेवलं होतं. नजर बदलली की सगळं पुस्तक बदलतं ते इथे दिसतं. मात्र खरं सांगायचं तर यातही श्रद्धा मला पातळच वाटली, लैला मुस्लिम आहे म्हणून पकडली गेलीय, मुस्लिम असणं तिला आतून काय देतं हे फार येत नाही. राजकीय पुस्तक आहे, तेवढ्यापुरतं ते जोरदार आहे.

जाता जाता 'रिझ टेस्ट'बद्दल पण सांगते कारण लोक ती फार वापरतात. अभिनेता रिझ अहमदच्या ब्रिटिश संसदेतल्या भाषणावरून सुचलेली, २०१८ ची, सिनेमा-टीव्हीसाठी. पात्र मुस्लिम असेल तर विचारायचं, दहशतवादाशी जोडलंय का, विनाकारण संतापी आहे का, अंधश्रद्ध मागासलेलं दाखवलंय का, पाश्चात्य जगण्याला धोका दाखवलंय का, पुरुष असेल तर बायकांचा द्वेष करणारा आणि बाई असेल तर पुरुषांनी दाबलेली आहे का. एकाला जरी हो आलं तरी नापास. गाळणी म्हणून ठीक आहे, पण एखादं पुस्तक पाचही प्रश्नांत पास होऊन अगदी पोकळ असू शकतं, आणि उलट माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं एक अतिशय चांगलं पुस्तक शेवटच्या प्रश्नाला सरळ नापास होईल.

ते म्हणजे एस. के. अलीचं 'सेंट्स अँड मिसफिट्स', २०१७, सलाम रीड्सच्या पहिल्या पुस्तकांपैकी. जाना युसुफ, पंधरा वर्षांची, हिजाब घालते, आईबाप वेगळे झालेले, मामा मशिदीचा इमाम आणि त्याच्याकडे येणाऱ्या प्रश्नोत्तरांचं एडिटिंग ही करते. तिच्या मैत्रिणीचा नात्यातला भाऊ फारूक हा हाफिज, म्हणजे पूर्ण कुराण तोंडपाठ, त्यामुळे मशिदीत त्याला केवढा मान. आणि त्यानेच जानावर जबरदस्तीचा प्रयत्न केलाय. ती कोणाला सांगणार? मनातल्या मनात ती त्याला 'मॉन्स्टर' म्हणते.

हे लिहिणं केवढं जोखमीचं होतं बघा. बाहेरचा वाचक म्हणणार, बघा आम्ही सांगतच होतो ना हे लोक असेच. आतला वाचक म्हणणार, आधीच एवढी बदनामी, त्यात घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला. अल्पसंख्याक समाजातल्या कुठल्याही लेखकाला हा चिमटा बसतो, आणि दलित आत्मकथनांच्या वेळी आपल्याकडे घरातूनच काय काय ऐकवलं गेलं ते आठवत असेल तर वेगळं सांगायला नको. अली मागे हटत नाही. पण ती मॉन्स्टरच्या हातात धर्म देऊनही टाकत नाही. जाना नमाज सोडत नाही, आणि तिच्या मदतीला जी उभी राहते ती चेहरा झाकणारा नकाब घालणारी सौसन, बिनधास्त तोंडाची. म्हणजे जिच्याबद्दल वाचक आधीच ठरवून बसलाय की ही सगळ्यात दबलेली असणार, ती सगळ्यात निर्भीड. ज्या मशिदीत त्या मुलाला मान आहे तीच मशीद जानाचीही आहे आणि ती तिथून निघून जायला तयार नाही. पुस्तकाचा सगळा ताण या एका हट्टात आहे.

याच लेखिकेचं 'लव्ह फ्रॉम ए टू झी' (२०१९) हलकंफुलकं आहे, दोहामध्ये घडतं, झैनब आणि अ‍ॅडम प्रेमात पडतात पण एकमेकांना हात लावत नाहीत. याला आता हलाल रोमान्स म्हणतात. टीनएज रोमान्समध्ये किस नाही म्हणजे प्रकाशकाच्या दृष्टीने आमटीत मीठ नाही, तरी पुस्तक चाललं.

आणि सबा ताहिरचं 'ऑल माय रेज', २०२२. अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड किशोर विभागात त्याच वर्षी, पुढच्या वर्षी प्रिंट्झ, हाही किशोर साहित्याचाच मोठा पुरस्कार. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी गावात एक डबघाईला आलेलं मोटेल, चालवणारी आई मिस्बाह आजारी, बाप दारूत, मुलगा सलाहुद्दीन मोटेल वाचवायला नको त्या मार्गाला लागतो. त्याची मैत्रीण नूर, पाकिस्तानातल्या भूकंपातून वाचलेली, चाचांच्या दारूच्या दुकानात काम करते. आणि गंमत ही की चाचांना धर्म अजिबात सहन होत नाही! म्हणजे साचा पूर्ण उलटा, घरातला जुलमी माणूस इथे धार्मिक नाहीये, आणि नूरला श्रद्धा मिळाली ती मिस्बाहकडून, मित्राच्या आईच्या मायेतून. देवावर राग, त्याच देवाकडे मागणं, दोन्ही एकाच वेळी चालू. कुठेही लेखिका थांबून सांगत नाही की इस्लाममध्ये असं असतं. मला वाटतं अमलपासून इथपर्यंतचा प्रवास तो हाच, खुलासे देणं बंद झालं.

अजून बरंच राहिलंय हेही आहे. या पुस्तकांत पाकिस्तानी, भारतीय, अरब मुलीच जास्त; अमेरिकेतल्या मुस्लिमांत साधारण पाचातला एक जण कृष्णवर्णीय आहे, पण ती मुलं उशिरा आली. इबी झोबोई आणि युसेफ सलाम यांचं 'पंचिंग द एअर' (२०२०) हे कवितेतलं पुस्तक तुरुंगातल्या अमल नावाच्या मुलाचं, आणि लैला सबरीनचं 'यू ट्रूली अझ्यूम्ड' (२०२२) तीन कृष्णवर्णीय मुस्लिम मुलींचं. युसेफ सलाम स्वतः किशोरवयात न्यूयॉर्कच्या १९८९ च्या सेंट्रल पार्क बलात्कार प्रकरणात न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात होता, त्यामुळे ते वाचताना अंगावर येतं. शिया, बोहरी, इस्माइली पोरं मला अजून क्वचितच भेटलीत, आणि श्रद्धा गळून चाललेला पण आईला दुखवायचं नाही म्हणून रोजे ठेवणारा मुलगा तर जवळजवळ नाहीच.

आपल्या इथलं म्हणाल तर बेंगळुरूच्या अंदलीब वाजिदचं 'अस्माराज समर' (२०१६) जरूर बघा, हायफाय मुलगी सुट्टीत आजीकडे टॅनरी रोडच्या साध्या वस्तीत राहायला जाते. यावर २०२४ मध्ये प्राइमवर सिरीजही आली, 'दिल दोस्ती डिलेमा'. मराठीत किशोरांसाठी असं काही शोधायला गेलं की हात रिकामे. रत्नागिरीची कोकणी मुस्लिम मुलगी, मराठी शाळेत पहिली येणारी, रमझानमध्ये स्पोर्ट्स डे आलाय आणि रोजा ठेवून चारशे मीटर धावायचं की नाही, एवढ्यावर अख्खी कादंबरी होईल. लिहा कोणीतरी.

घरात वाचणारं पोर असेल तर सुरुवात 'मिस मार्व्हल'च्या पहिल्या खंडाने करा, अकरा-बाराला चालतं. 'सेंट्स अँड मिसफिट्स' चौदाच्या पुढे, आणि आधी स्वतः वाचा. 'ऑल माय रेज'मध्ये ड्रग्ज, दारू, मारहाण, सगळं आहे, ते दहावीनंतर दिलेलं बरं, आणि दिलंत तर लगेच परत मागू नका, दोनदा वाचावं लागतं.